पिशवीच्या ऑपरेशनला जाताना पिशवी कशी भराल?

गटाच्या बैठकीत कुणी रजा मागितली आणि आम्ही कारण विचारलं, की बऱ्याचदा खालच्या आवाजात उत्तर येतं, "पिशवीचं ऑपरेशन आहे." गर्भाशय काढण्याच्या ऑपरेशनला आपल्याकडे बायका हेच म्हणतात. त्यावर आमचा पुढचा प्रश्न असतो, "आणि न्यायची पिशवी भरली का?" आधी सगळ्याजणी हसतात. मग कळतं, की भरलेली नाही. तारीख कधीची मिळालेली असते. मधल्या दिवसांत दळण होतं, तिखट-मसाला कांडून होतो, पोरांचे गणवेश धुऊन होतात, आणि स्वतःची पिशवी मात्र आदल्या रात्री हाताला लागेल ते कोंबून भरली जाते.

म्हणून आज त्या पिशवीबद्दल बोलू. उदाहरण आम्ही पोटावर चीर देऊन होणाऱ्या गर्भपिशवीच्या ऑपरेशनचं घेतोय, कारण आमच्या गटांत तेच जास्त कानावर येतं. पण हर्निया असो, पित्ताशयातले खडे असोत, ठरवून केलेल्या कुठल्याही ऑपरेशनला यातलं बहुतेक लागू पडतं.

एक गोष्ट मात्र पिशवी भरण्याच्याही आधीची. ऑपरेशन खरंच लागणार आहे ना? २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या आल्या आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली, हे तुम्हाला आठवत असेल. अंगावरून पांढरं जातं, पाळीत जास्त जातं, एवढ्यावर कुणी लगेच पिशवी काढायला सांगितलं, तर जिल्हा रुग्णालयात किंवा दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे एकदा दाखवून या. जुनी सोनोग्राफी बरोबर न्या. औषधाने भागतं का, हे विचारायला लाजू नका. दुसऱ्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं, की मग बिनघोर तयारीला लागा.

तयारीत पहिला नंबर कागदांचा. कपडे राहिले तर घरून कुणी आणून देईल, शेजारच्या खाटेवरची बाई टॉवेल देईल. कागद कोण देणार?

एक प्लास्टिकची फाईल घ्या, बटण लागणारी. तिच्यात रेशनकार्ड आणि आधारकार्ड मूळ प्रत, आणि प्रत्येकाच्या तीन-तीन झेरॉक्स. आयुष्मान कार्ड काढलं असेल तर तेही. मग केसपेपर, सोनोग्राफी, रक्त-लघवीचे रिपोर्ट, ईसीजी, छातीचा एक्स-रे, तारखेप्रमाणे लावून, सगळ्यात नवीन वर. आधी कुठलंही ऑपरेशन झालं असेल, अगदी सिझर किंवा कुटुंबनियोजनाचंसुद्धा, तर त्याचं डिस्चार्ज कार्ड. ते हरवलं असेल तर निदान साल आणि दवाखाना एका कागदावर लिहून ठेवा. पोटात आधीची चीर असली, की आतलं चिकटलेलं असू शकतं, आणि ते डॉक्टरांना आधी माहीत असलेलं बरं. त्याच कागदावर चार फोन नंबर ठळक अक्षरात लिहा. मोबाईलची बॅटरी उतरली, की नवऱ्याचा नंबरसुद्धा आठवत नाही, असं आम्ही कितीदा तरी पाहिलंय.

रेशनकार्डावर एवढा जोर देतोय, कारण महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना त्यावरच उभी आहे. २०१२ साली ही योजना राजीव गांधी जीवनदायी नावाने ८ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढे सगळ्या राज्यात आली आणि २०१७ साली तिला आजचं नाव मिळालं. आधी दीड लाखांपर्यंत असलेली मदत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत आहे, आणि पिवळं, केशरी, पांढरं, कुठलंही रेशनकार्ड असलं तरी चालतं. योजनेत बसलं तर ऑपरेशन, औषधं, तपासण्या, दवाखान्यातलं जेवण यांचे पैसे आपण भरायचे नसतात. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतात, त्यांच्या टेबलावर पाटी असते. भरती व्हायच्या दिवशी नाही, त्याच्या आठ दिवस आधी त्यांच्यापुढे कागद ठेवून तीन गोष्टी विचारा. माझं ऑपरेशन योजनेत बसतं का? याच दवाखान्यात बसतं, की ते फक्त सरकारी रुग्णालयात होतं? आणि माझ्या कागदांत काही कमी आहे का? जायला जमत नसेल तर १५५३८८ या नंबरवर फोन करा, पैसे पडत नाहीत.

हा तिसरा प्रश्न फार मोलाचा. आपल्या बायकांच्या नावांचा घोळ तुम्हाला माहीत आहे. आधारवर सासरचं नाव, रेशनकार्डावर लाडाचं नाव, बँकेत तिसरंच. आमच्या एका गटातल्या ताईंचं नाव लग्नाला सहा वर्षं झाली तरी माहेरच्याच कार्डावर होतं. भरती झाल्यावर ते कळलं. भाऊ गाडीवर कार्ड घेऊन येईपर्यंत एक दिवस गेला, आणि तेवढ्यात घरच्यांनी सावकाराकडून पैसे उचललेसुद्धा. कार्ड आलं, योजना मंजूर झाली, पण सावकाराचं व्याज चालूच राहिलं. हे आठ दिवस आधी कळतं, तर भावाच्या एका फेरीत काम झालं असतं.

पैशांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. योजनेत ऑपरेशन झालं तरी जायचं-यायचं भाडं, सोबतीणीचं खाणं-पिणं, बुडालेला रोज हा खर्च असतोच. अंतर्गत कर्जासाठी अर्ज आधीच्या बैठकीत द्या. आजारपणाच्या कर्जाला गटाने आधी पाळी द्यावी, असं आम्ही सगळ्या गटांना सांगतो. दशसूत्रीत आरोग्य आहे ते काय नुसतं भिंतीवर लिहायला?

कागदांची ही फाईल कपड्यांच्या पिशवीत टाकायची नाही. ती सोबतीणीच्या खांद्याला, वेगळ्या कापडी पिशवीत. आणि तुमचा चष्मा असेल तर तोही त्याच पिशवीत, वरच्या खिशात. कारण ऑपरेशनच्या आधी संमतीपत्रावर सही घेतात. चष्मा नाही म्हणून न वाचता सही करायची नाही. वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा, तो तुमचा हक्क आहे. त्यात काय काढणार ते लिहिलेलं असतं. नुसती गर्भपिशवी, की दोन्ही बाजूंची अंडाशयंही? हा फरक मोठा आहे. दोन्ही अंडाशयं काढली, की वय पस्तीस असलं तरी पाळी जाण्याचा काळ एकदम सुरू होतो, अंगातून वाफा येतात, हाडं लवकर ठिसूळ होऊ लागतात. ती काढायची गरज असेल तर डॉक्टर कारण सांगतील. आपण विचारलं पाहिजे एवढंच.

आता औषधं. घरी चालू असलेली प्रत्येक गोळी तिच्या मूळ पाकिटासकट न्या. कागदाच्या पुडीत चार पांढऱ्या गोळ्या बांधून नेल्या, तर त्या बीपीच्या की थायरॉईडच्या, हे सिस्टरना कळणार कसं? काढा, चूर्ण, वैदूचं औषध, बाजारातल्या डब्यातली पावडर, हेही सांगा. रागावतील म्हणून लपवू नका. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तारीख ठरवतानाच सांगा, कारण ती कधी काही दिवस आधी बंद करतात, कधी चालू ठेवतात, आणि ते डॉक्टरांनीच ठरवायचं असतं. ऑपरेशनच्या सकाळी कुठली गोळी घ्यायची, हेही आदल्या दिवशी विचारून घ्या. बीपीच्या काही गोळ्या घोटभर पाण्याबरोबर घ्यायला सांगतात. साखरेची गोळी उपाशीपोटी घेतली तर साखर एकदम खाली येऊ शकते. आपल्या मनाने काही घ्यायचं नाही आणि आपल्या मनाने काही बंदही करायचं नाही.

उपाशी राहण्याचं कारणही समजून घेऊ, म्हणजे कुणी चोरून चहा पिणार नाही. भूल दिली, की गिळण्या-खोकण्याचं आपलं भान जातं. पोटात अन्न असेल तर ते वर येऊन श्वासनलिकेतून फुप्फुसात उतरू शकतं, आणि ते जिवावर बेततं. म्हणून किती वाजल्यापासून काही खायचं नाही आणि किती वाजल्यापासून पाणीही नाही, या दोन वेळा वेगवेगळ्या विचारून लिहून घ्या. आणि दुधाचा चहा म्हणजे पाणी नव्हे, तो खाण्यातच मोजतात. चुकून काही पोटात गेलंच तर सांगून टाका. ऑपरेशन थोडं पुढे जाईल, दुसरं काही होणार नाही.

आणि मिश्री. पिशवीच्या तळाशी, पदराच्या गाठीत, कुठेतरी ती डबी जातेच. आम्ही उपदेश करायला बसलेलो नाही, वर्षानुवर्षांची सवय एका तारखेने सुटत नाही, हे आम्हालाही कळतं. पण मिश्री म्हणजे तंबाखूच. तिने नाडी आणि बीपी वाढतं, जखम भरायला वेळ लागतो. जितके दिवस आधी बंद कराल तितकं बरं, आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना दिवसातून किती वेळा लावता ते खरं सांगा. सासू बाजूला उभी असेल तर तिला बाहेर पाठवून सांगा.

दागिन्यांवरून दवाखान्यात हमखास वाद होतो. सिस्टर म्हणतात काढा, आई म्हणते सवाष्णीचं मंगळसूत्र कसं काढायचं. कारण ऐका. ऑपरेशनमध्ये रक्त थांबवण्यासाठी विजेवर चालणारं उपकरण वापरतात, अंगाला धातू असेल तर त्या जागी भाजण्याची भीती असते. हातापायाला सूज आली तर जोडवी आणि अंगठी रुतते. चमकी सैल होऊन घशात जाऊ शकते. आणि साधी गोष्ट, वॉर्डात चोऱ्या होतात. मंगळसूत्र, डूल, पाटल्या, पैंजण, सगळं घरी कपाटात ठेवून या. वर्षानुवर्षं न काढलेली जोडवी आयत्या वेळी निघत नाहीत, म्हणून आठवडाभर आधीच साबणाचं पाणी किंवा तेल लावून काढून बघा. नाहीच निघाली तर सोनाराकडून कापून घ्या. ज्यांना गळा मोकळा ठेवायला नकोच वाटतं, त्यांनी हळदीचा दोरा चालेल का ते सिस्टरना विचारावं, बऱ्याचदा चालतो.

नेलपॉलिश पुसून या. बोटाला चिमट्यासारखं यंत्र लावून रक्तातला ऑक्सिजन मोजतात, त्याला रंगाची अडचण होते. त्या महिन्यात लग्न असलं तरी बोटांच्या टोकांना मेंदी नको. केसांच्या दोन वेण्या घाला, पिना नकोत. अंबाडा घातला तर आडवं झाल्यावर डोकं नीट टेकत नाही. कवळी असेल तर ती काढून ठेवायला झाकणाची डबी न्या. आणि खालचे केस घरी ब्लेडने काढू नका, बारीक कापलं तर तिथून जंतू शिरतात. लागलं तर दवाखान्यातच काढतात. आदल्या संध्याकाळी आणि सकाळी साबणाने स्वच्छ अंघोळ मात्र करा.

कपड्यांत साडी एकच, जायच्या दिवशी अंगावर असते ती. मध्ये साडी नकोच, कारण परकराची नाडी बरोबर टाक्यांवर येते. पुढून बटणं असलेले, ढगळ बाह्यांचे सुती गाऊन तीन न्या. सलाईन लावलेला हात सहज आत-बाहेर झाला पाहिजे. गाऊन नवा घ्यायची गरज नाही, जाऊबाईंचा जुना चालतो, उलट जुनं कापड मऊ असतं. चड्ड्या नेहमीपेक्षा एक माप मोठ्या, कमरेच्या बऱ्याच वर येणाऱ्या, म्हणजे इलॅस्टिक टाक्यांवर घासत नाही. पॅडचं एक पाकीट लागेलच. गर्भपिशवी काढल्यावरही काही दिवस थोडं रक्त जातं. घडीचं कापड वापरू नका, आणि आतून काही घालायचं नाही. एक जुनं मऊ लुगडं मात्र आठवणीने टाका. अंथरायला, पुसायला, आडोसा करायला, थंडी वाजली तर गुंडाळायला, त्याच्याइतकी उपयोगी वस्तू आम्ही दुसरी पाहिली नाही.

आणि एक छोटी उशी. खोकला आला, शिंक आली, हसू आलं, तरी टाके ओढतात. तेव्हा उशी पोटाला दोन्ही हातांनी घट्ट धरायची, कळ कमी लागते. घरी परतताना खड्ड्याखड्ड्यांतून गाडी जाते तेव्हाही तीच उशी कामाला येते.

बाकीचं तुम्हाला सांगायला नको. ब्रश, कंगवा, साबण, न घसरणारी चप्पल, पाण्याची बाटली. सरकारी दवाखान्यात जाणार असाल तर ताट-वाटी-पेला, चमचा, एक मग आणि शक्य असेल तर छोटी बादली. थर्मास असेल तर उत्तम. चार्जर न्या. मच्छरांसाठी ओडोमॉस न्या. प्रत्येक पिशवीला नावाची चिठ्ठी शिवा, कारण वॉर्डात सगळ्यांच्या पिशव्या एकाच साडीच्या दुकानाच्या असतात.

सोबतीणीची पिशवी वेगळी. बायकांच्या वॉर्डात रात्री पुरुषांना बहुधा थांबू देत नाहीत, तेव्हा सोबत कोण हे आधी ठरवा. तिला जमिनीवर झोपायचं असतं, म्हणून चटई, चादर, स्वेटर, आणि दोन दिवस टिकेल असं काही, चटणी-भाकरी, दशम्या. पहिल्या दिवशी रुग्णाला उठून बसवणं, लघवीची नळी काढल्यावर धरून संडासाला नेणं, ही कामं ती करते. जिच्यापुढे लाज वाटत नाही अशी बाई निवडा. मानाने मोठी असलेली नणंद दरवेळी उपयोगी पडेलच असं नाही, हे आपलं आमचं मत.

आता घर. आमच्या बायका दवाखान्यातले पाच-सहा दिवस धरून दळण करतात. खरं तर ६ आठवडे धरायला हवेत. पोटावरच्या ऑपरेशननंतर साधारण तेवढे दिवस जड उचलायचं नसतं. हंडा नाही, पिळायचं धुणं नाही, शेणाची पाटी नाही, कडेवर पोर नाही. बाहेरून टाके सुटले म्हणजे आतलं भरलं असं नसतं. म्हणून जायच्या आधी घरच्यांना बसवून नावानिशी कामं वाटा. पाणी कोण भरणार, गुरांचं कोण बघणार, हे नवऱ्यासमोर आणि पोरांसमोर ठरू द्या. आमच्या एका गटाने बायकांच्या पाळ्या लावल्या, रोज एकीने दोन हंडे नेऊन द्यायचे. तिसऱ्या दिवशी त्या ताईंचा मोठा मुलगाच लाजून हंडा घेऊन निघाला. मग पाळ्या लागल्याच नाहीत.

दवाखान्यातून निघताना पिशवीत दोन गोष्टी नव्या आलेल्या असतात. एक डिस्चार्ज कार्ड. टाके कधी काढायचे, गोळ्या किती दिवस, परत कधी दाखवायचं, हे निघायच्या आधी सिस्टरकडून वाचून घ्या. ताप आला, टाक्यांतून पू किंवा पाणी आलं, घाण वास येऊ लागला, तासाभरात पॅड भिजलं, लघवी अडली, एका पायाची पोटरी सुजून दुखू लागली किंवा धाप लागली, तर तारखेची वाट न पाहता त्याच फाईलसकट परत जायचं. योजनेतून ऑपरेशन झालं असेल तर डिस्चार्जनंतर १० दिवसांपर्यंतची तपासणी आणि औषधं त्यातच येतात.

दुसरी गोष्ट म्हणजे एक छोटी चिठ्ठी, जी हमखास हरवते. काढलेली गर्भपिशवी तपासणीला पाठवतात. तिच्यात कॅन्सर किंवा दुसरं काही आहे का, हे त्या रिपोर्टमध्ये कळतं. रिपोर्ट काही दिवसांनी येतो, तोवर आपण घरी असतो, बरं वाटू लागलेलं असतं, आणि तो आणायला कुणी जात नाही. रिपोर्ट कुठल्या खिडकीवर आणि कोणत्या तारखेला मिळणार, हे डिस्चार्ज कार्डाच्या मागे लिहून घ्या. आणल्यावर डॉक्टरांना दाखवा आणि फाईलमध्ये लावा. तोवर कपड्यांची पिशवी खुशाल रिकामी करा, फाईल मात्र दाराजवळच्या खुंटीलाच राहू द्या.